तंबूचा भार आणि वाऱ्याचा जोर

हिंदुस्थानात तंबूचे वैभव पाहावयाचे तर ते मोगल बादशहाच्या छावणीतच पाहावे. 1664 च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून लाहोरमार्गे काश्मीरकडे निघाला, तेव्हा दरबारातील अमीर दानिशमंदखान याच्या पदरी असलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए त्या लवाजम्याबरोबर होता. बादशहाचे डेरे दुहेरी असत, एक सरंजाम मुक्कामी उभा असताना दुसरा, ज्यास पेशखाना म्हणत, पुढच्या मजलीकडे रवाना होई, आणि त्या एका पेशखान्याच्या बारबरदारीस साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे व शंभर हमाल लागत, असे त्याने लिहून ठेवले आहे. जेथे ओझे हत्तीच्या पाठीवर जावयाचे, तेथे कापड किती जाड असावे आणि खांब किती वजनाचा असावा याची चिंता फरासखान्यास करण्याचे प्रयोजनच नव्हते. मात्र जडपणाने स्थैर्य येतेच असे नाही, हे दख्खनच्या पावसाने याच बादशहास दाखवून दिले. 1700 च्या ऑक्टोबरच्या आरंभी माणनदीकाठी खवासपूर येथे छावणी पडली असता रात्री अकस्मात पूर आला, माणसाजनावरांसह डेरे वाहून गेले, आणि त्या धांदलीत पडून गुडघा दुखावलेला वृद्ध औरंगजेब त्यानंतर अखेरपर्यंत लंगडत राहिला.

तंबू हलका असावा, पण वाऱ्यापावसात टिकावा, हा प्रश्न राजदरबारात कधी निर्माण झाला नाही. माणसास स्वतःच्या किंवा एखाद्या सोबत्याच्या पाठीवरून निवारा अशा ठिकाणी न्यावयाचा झाला की जेथे जनावर चढू शकत नाही, तेव्हा कोठे हा प्रश्न उभा राहिला. आणि त्याचे पहिले समाधानकारक उत्तर, माझ्या मते, आल्प्समध्ये एका इंग्रज लाकूडकोरकाने दिले.

त्याचे नाव एडवर्ड व्हिम्पर. पर्वतांची चित्रे काढण्याच्या कामगिरीवर तो 1860 मध्ये प्रथम आल्प्समध्ये गेला आणि पुढील वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मॅटरहॉर्नच्या इटलीकडील धारेवर एका अरुंद खिंडीत रात्र काढण्याच्या इराद्याने तंबू घेऊन चढला. हलक्या कॅनव्हासचा, पुस्तकासारखा उघडणारा आणि दोन गिरिदंडांच्या आधारावर उभा राहणारा तो तंबू लंडनमध्ये उभारून पाहिला तेव्हा मोठा देखणा दिसला होता. त्याच्या खालच्या कडांना दगड बांधण्यासाठी दोऱ्या होत्या, मुख्य तणावा खुंट्यांनी जमिनीस जखडावयाचा होता, आणि कापडाच्या कडा आत दुमडून त्यांवर निजावे अशी योजना होती. परंतु त्या खिंडीत वारा नळीतून फुंकल्यासारखा घुसू लागला. कापडाच्या झडपा खाली राहीनात, खुंट्या जागी ठरेनात, आणि अखेर तंबू उतरवून त्यावर बसणे, व रात्र पडल्यावर तोच अंगाभोवती गुंडाळून घेणे, एवढाच त्याचा उपयोग उरला.

पुढच्या मोहिमेसाठी व्हिम्परने जो तंबू सिद्ध केला त्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. तळ सुमारे सहा फूट चौरस. अ‍ॅश लाकडाचे साडेसहा फुटी चार दांडे, टोकांना लोखंडी अण्या, आणि माथ्यापासून पाच इंचांवर छिद्र पाडून त्यात ओवलेल्या लोखंडी खिळीने जोडीजोडीने कात्रीसारखे जुळवलेले. छप्पर जाड, न धुतलेल्या सुती कापडाचे. त्या कापडाचा पन्हाच तंबूच्या लांबीइतका धरल्यामुळे छपरावर एकही शिवण आली नाही, आणि शिवण नाही म्हणजे पाणी झिरपण्याची वाट नाही. पण खरे मर्म तळाशी होते. रबराचा थर दिलेले, म्हणजे मॅकिंटॉशचे, सुमारे नऊ फूट चौरस कापड त्याने जमिनीवर पसरून तेथेच खिळवून टाकले, आणि सहा फुटांच्या तळावरून जे जास्त उरले ते भिंतींवर आतून वर चढवले. पहिल्या तंबूत वारा ज्या फटीतून आत शिरून कापड उचलीत होता ती फटच त्यामुळे नाहीशी झाली, आणि आत निजलेल्या चार माणसांचे वजन तंबूच्या वजनात जमा झाले. चढाईचा दोर माथ्यावरील कात्र्यांतून ओवून त्याची पुढची-मागची टोके खडकांना बांधली की वेगळ्या तणाव्यांचीही गरज उरत नसे. एवढ्या सर्वाचे वजन सुमारे 23 पौंड, आणि दोन माणसांनी तो उलगडून उभा करण्यास तीन मिनिटे पुरत. कडाक्याच्या हवेत ही तीन मिनिटे फार मोलाची ठरतात, हे व्हिम्परने आवर्जून नोंदवले आहे, आणि तंबूविषयी त्याने लिहिलेल्यात हेच मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

तो तंबू वाहिला कोणी, हेही विसरता कामा नये. ब्रुई गावचा ल्यूक मेने हा पाठीला कुबड असलेला गरीब माणूस. त्याच कुबडावर तंबूची वळकटी बांधून तो मॅटरहॉर्नच्या धारेवर चढला, आणि व्हिम्परने आपल्या ग्रंथात त्याचे चित्र काढून व त्याच्या स्वभावाची तोंडभरून स्तुती करून त्याचे ऋण मान्य केले. गिर्यारोहणाच्या इतिहासात भारवाहकांस असे स्थान फार थोड्या वेळा मिळाले आहे.

रबरी तळाची एक गोष्ट येथेच सांगतो. 1880 च्या फेब्रुवारीत व्हिम्परने इक्वेडोरमधील कोटोपाक्सी या जागत्या ज्वालामुखीच्या मुखाजवळ मुक्काम केला, तेव्हा तंबूत रबर जळल्याचा वास येऊ लागला; तळाला हात लावून पाहतो तो खालच्या उष्ण राखेमुळे रबर वितळण्याच्या बेतास आले होते.

पुढील पिढीतील गिर्यारोहक आल्बर्ट ममरी याने भार आणखी उतरवला. रेशमी कापडाची लहानशी राहुटी करून दांड्यांऐवजी बर्फकुऱ्हाडी उभ्या कराव्यात, ही त्याची युक्ती. जी वस्तू हाती असावयाचीच, तिचे ओझे पुन्हा वेगळे वाहू नये. तो 1895 मध्ये नंगा पर्वतावर दोन गुरखा सोबत्यांसह नाहीसा झाला, पण त्याच्या नावाचे तंबू एव्हरेस्टच्या आरंभीच्या मोहिमांपर्यंत चालत राहिले.

तंबू आणि प्राण यांचे नाते किती निकटचे असते, हे 1911 च्या जुलैत अंटार्क्टिकातील केप क्रोझियर येथे दिसले. एम्परर पेंग्विनची अंडी मिळवण्यासाठी ध्रुवमोहिमेतील विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे ऐन ध्रुवीय रात्रीत तेथे गेले होते, दगडांची खोपटी रचून तिच्यावर त्यांनी कॅनव्हासचे छत घातले होते, आणि शेजारी पाच बांबूंचा शंकूसारखा तंबू, त्याच्या कडेवर बर्फ व दगड रचून, उभा केला होता. वादळात प्रथम तो तंबू उडाला, मग छत फाटून गेले, आणि बर्फाखाली निजण्याच्या पिशव्यांत पडून राहण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरले नाही. तंबूवाचून परतीची वाट म्हणजे निश्चित मृत्यू, हे तिघांनाही ठाऊक होते. वादळ ओसरल्यावर बॉवर्सला तो तंबू उताराच्या पायथ्याशी, सुमारे अर्ध्या मैलावर सापडला. उडताना बांबू एकमेकांस मिटले होते, म्हणून कापड शाबूत राहिले होते. परतीच्या वाटेवर बॉवर्स तंबूची दोरी स्वतःला बांधून निजत असे. कडेवर रचलेल्या भारावर विसंबलेला रिकामा तंबू किती क्षणभंगुर, हे त्या रात्रीइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसले असेल.

विसाव्या शतकाच्या मध्यास नायलॉन आले आणि कापडाचे वजन एकदम घटले, परंतु जखडण्याचा प्रश्न जेथल्या तेथे राहिला. 28 मे 1953 रोजी, एव्हरेस्टवर सुमारे 27,900 फुटांवर, हिलरी व तेनझिंग यांनी अखेरचा तंबू उभारला तेव्हा खुंट्या धरीनात, म्हणून त्यांनी प्राणवायूची नळकांडी मऊ बर्फात पुरून त्यांना दोऱ्या बांधल्या. 1975 मध्ये ‘नॉर्थ फेस’ या अमेरिकन कंपनीने बकमिन्स्टर फुलरच्या घुमटाच्या तत्त्वावर एकमेकींस छेदणाऱ्या लवचिक कांबींचा तंबू बाजारात आणला, त्यायोगे वारा कोणत्याही दिशेने आला तरी सांगाडा सारख्याच ताकदीने झुंजू लागला. याच सुमारास दुहेरी कापडाची पद्धतही रूढ झाली. बाहेरचे पाऊस अडवते आणि आतले श्वासाची वाफ बाहेर जाऊ देते, कारण रबर किंवा तत्सम लेप दिलेले एकेरी छप्पर पावसाला अडवताना आतल्या बाष्पालाही कोंडून ठेवते आणि सकाळपर्यंत निजणाऱ्यास आतूनच भिजवते.

आपल्या सह्याद्रीत पावसाळी भटकंतीसाठी तंबू घेणारे तरुण दुकानात प्रथम वजनाचा आकडा विचारतात. तो जरूर विचारावा, पाठ स्वतःचीच आहे. परंतु कातळी सड्यावर खुंटी शिरत नाही आणि कोकणाकडच्या कड्यांवरून वारा खालून वर उसळतो, म्हणून बाहेरचे छप्पर जमिनीपर्यंत उतरते की मध्येच तुटते, तळाचे पाणीरोधक कापड भिंतीवर निदान वीतभर चढले आहे की नाही, आणि खुंटी नसताना दगडाला बांधण्याजोगे मजबूत फासे व पुरेसे तणावे आहेत की नाहीत, हे आधी तपासावे. त्यानंतर घराच्या गच्चीवर, भर पावसात, एका सोबत्यासह तो तंबू उभारून पाहावा, आणि तीन मिनिटांत उभा होत नसेल तर होईपर्यंत पुन्हा पुन्हा उभारावा.