डिपॉझिट: गुन्ह्यापासून रिवाजापर्यंत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घर भाड्याने देताना डिपॉझिट घेणे हा आपल्या राज्यात एकेकाळी गुन्हा होता, असे सांगितले तर आजच्या तरुण भाडेकरूंना ती थट्टा वाटेल. पण १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचे अठरावे कलम काढून पाहा. प्रमाणित भाड्याखेरीज पागडी, नजराणा किंवा अनामत म्हणून रक्कम घेणाऱ्या घरमालकाला त्यात कैदेची आणि दंडाची शिक्षा सांगितलेली होती. हा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अमलात आला आणि ३१ मार्च २००० रोजी नवा कायदा येईपर्यंत टिकला. या बावन्न वर्षांत पागडी घेतली गेली नाही असे मात्र कोणी समजू नये. ती घेतली गेली, फक्त तिची पावती कोणाला मिळाली नाही.

भोरच्या कचेरीबाहेर बसून दस्त लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे आणि अर्थातच भाडेकरार. करार करायला येतात तेव्हा दोन्ही बाजू हसतमुख असतात. मालक चहा सांगतो, भाडेकरू पेढे आणतो. जागा सोडताना तीच माणसे पुन्हा येतात, तेव्हा एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघतात आणि विचारतात, ‘‘रायटरसाहेब, कागदात काय लिहिलंय सांगा.’’ आणि नेमके त्या मुद्द्यावर कागदात काहीच लिहिलेले नसते. डिपॉझिट किती, हे आकड्यात आणि अक्षरात असते. त्यातून काय कापायचे आणि काय नाही, याबद्दल एखादी मोघम ओळ असते. हे असे का झाले, त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकली. सरकारने १९१८ मध्ये कायदा करून भाडी १ जानेवारी १९१६ च्या पातळीला बांधून टाकली. ती युद्धकाळापुरती तजवीज होती. दुसऱ्या महायुद्धाने तीच वेळ पुन्हा आणली. १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हा आधार धरला आणि तो आधार पुढे दशकानुदशके हलला नाही. आमच्या भोर संस्थानाचे पंतसचिवांचे राज्य ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे हा कायदा अमलात आला त्यानंतर महिन्याभरातच. संस्थानी प्रजेला नव्या राज्याबरोबर नवे कायदे मिळाले, त्यांत भाड्याचाही एक होता.

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांमधले भाडेकरू आठवून पाहा. दोन खोल्या, सामायिक नळ, चौकात हौद. जमीन शेणाने सारवायची ती भाडेकरणीने. भिंतीला चुन्याची सफेदी द्यायची ती दिवाळीच्या आधी, बहुतेक ठिकाणी भाडेकरूनेच. चुना स्वस्त होता, कुंचला घरचा होता. अशा घरातून कोणी तीस वर्षांनी बाहेर पडला तर मालकाला आनंदच व्हायचा. भिंत खराब केली म्हणून पैसे कापण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. आजच्या भांडणाचे मूळ गोठलेल्या भाड्यात जितके आहे, तितकेच चुना जाऊन भिंतीवर महागडा रंग आला यातही आहे, असे माझे मत आहे.

भाडे गोठले, तेव्हा मालकांनी वाट काढली. जागा ‘भाड्याने’ द्यायचीच नाही, वापरण्याची नुसती परवानगी द्यायची. हेच ते लिव्ह अँड लायसन्स. भाडेकरू नाही, तर भाडे कायदा नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागे, त्यामुळे भाडेपट्टा असो की परवानगी, अकरा महिन्यांची मुदत आपल्याकडे रुजली. १९७३ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती केली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे परवानाधारक चालू करारावर जागेत राहत होते, त्यांना भाडेकरूचे संरक्षण दिले. एका तारखेने शेकडो घरमालकांची झोप उडवली. मग अनेकांनी रिकामे फ्लॅट कुलूप लावून ठेवणे पसंत केले. ज्यांनी द्यायचे धाडस केले त्यांनी जोखीम म्हणून मोठी अनामत मागायला सुरुवात केली. डिपॉझिटच्या आकड्यामागे रंग किंवा फुटकी फरशी नव्हती, तर ‘हा माणूस उठलाच नाही तर?’ ही भीती होती. भीती कमी झाली तरी आकडा राहिला.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या ५६ व्या कलमाने पागडी व अनामत दोन्ही कायदेशीर करून टाकल्या. कालचा गुन्हा आज व्यवहार झाला. मला यात गैर वाटत नाही. जे सर्रास चालते ते उजेडात आलेले बरे. पण उजेडात आणताना विधिमंडळाने निम्मेच काम केले. डिपॉझिट किती महिन्यांच्या भाड्याइतके असावे, ते कोणाच्या ताब्यात राहावे, जागा सोडल्यावर किती दिवसांत परत करावे, वजावटीचा हिशेब लेखी द्यावा की नाही, यांतले काहीही त्यात नाही.

एक चांगली गोष्ट मात्र त्याच कायद्यात आहे आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते. ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी असला पाहिजे, नोंदवलेला असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर पडतो. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चार पैसे वाचवायला साध्या कागदावर करार करणारा मालक आपल्याच हाताने आपला पुरावा गमावत असतो. अर्थात हा कायदा राज्यातल्या प्रत्येक गावाला लागू नाही. त्याच्या अनुसूचीत असलेल्या किंवा सरकारने अधिसूचनेने जोडलेल्या भागांनाच तो लागू होतो. गावाकडच्या श्रोत्यांनी एवढे आधी पाहून घ्यावे.

मग बाकीच्या गावांत काय? तिथे आणि शहरातही एक फार जुना आधार आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचे १०८ वे कलम म्हणते की, भाडेपट्टा संपल्यावर भाडेकरूने जागा घेतली तशी परत द्यावी. मात्र रोजच्या वाजवी वापराने झालेली झीज आणि आवरता न येणाऱ्या शक्तीने झालेले बदल त्यातून वगळावेत. इंग्रजी कायदेपंडितांच्या डोळ्यांपुढे आग, पूर, वादळ असे काही असेल. आपल्याला मात्र वेगळे उदाहरण शोधायला नको. वेल्हे तालुक्यातले (आता त्याचे नाव राजगड तालुका) पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्याखाली गेले. त्या वाड्यांच्या पडलेल्या भिंतींचे पैसे कोणी भाडेकरूकडे मागितले असते, तर हेच कलम आडवे आले असते.

आवरता न येणारी शक्ती रोज येत नाही. झीज रोज होते. खुर्ची जिथे टेकते तिथे भिंतीवर रेघ उठते, चुलीच्या वरचा पत्रा काळवंडतो, नळाचा वॉशर जातो, ऊन लागून रंग उडतो. ही झीज म्हणजेच घराचा वापर आणि वापरासाठीच तर दरमहा भाडे दिलेले असते. तीच झीज पुन्हा डिपॉझिटमधून वसूल करणे म्हणजे एका मालाचे दोनदा पैसे घेणे. करार लिव्ह अँड लायसन्सचा असला तर १८७२ चा करार कायदा आहेच. त्याच्या ७४ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये, फतेहचंद विरुद्ध बाळकिशनदास या दिल्लीतल्या एका बंगल्याच्या व्यवहारावरील खटल्यात सांगितले, की आधी घेतलेली रक्कम जप्त करायची अट कागदावर असली तरी वाजवी भरपाईपुरताच हक्क पोचतो. ‘डिपॉझिट परत मिळणार नाही’ असे छापील फॉर्मवर लिहिले म्हणून विषय संपत नाही, तो यामुळे.

बाहेरच्या देशांनी हा तंटा निराळ्या पद्धतीने हाताळला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने १९७७ मध्ये मंडळ नेमले. अनामत मालकाच्या खिशात न जाता मंडळाकडे जमा होऊ लागली. न्यूझीलंडने १९८६ मध्ये तोच रस्ता धरला. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २००७ पासून मान्यताप्राप्त योजनेत अनामत सुरक्षित ठेवण्याचे बंधन आले. तिथे वाद झाला तर पैसे का कापायचे हे सिद्ध करण्याचे काम मालकाचे असते, आणि जुन्या गालिच्याच्या बदल्यात नवा गालिचा मागता येत नाही. आपल्याकडे केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत नको, असे त्यात आहे. पण तो नुसता नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो कोणाच्या कामाचा नाही.

या सगळ्याचा उपयोग करण्याची पाळी माझ्या घरातच आली. माझा भाचा पुणे-सातारा महामार्गावरच्या शिवरे गावात दोन खोल्या घेऊन मित्राबरोबर राहत होता. भाडे सहा हजार, डिपॉझिट तीस हजार. दोन वर्षे सात महिने राहिला. जागा सोडली तेव्हा हातात १७ हजार ६६० रुपये आले. रंगाचे नऊ हजार, साफसफाईचे दीड हजार, फुटलेल्या बेसिनचे बाराशे आणि राहिलेल्या लाइटबिलाचे ६४०, असा हिशेब मालकांनी तोंडी सांगितला. भाच्याच्या दृष्टीने ही रक्कम जवळजवळ महिन्याचा पगार होती. ‘‘मामा, सोडून देऊ का?’’ असे तो म्हणाला, कारण पुढच्या जागेचे डिपॉझिट भरायचे होते आणि भांडायला सवड नव्हती. डिपॉझिटची सगळी गंमत इथेच आहे. पैसे एकाच्या ताब्यात असतात आणि घाई दुसऱ्याला असते.

मी त्याला एक साधे पत्र लिहून दिले. त्यात बेसिन आणि लाइटबिल मान्य केले, कारण ते देणे खरेच होते. रंगाबद्दल दोनच प्रश्न विचारले: शेवटचा रंग कधी लावला, आणि नव्या रंगाचे बिल कुठे आहे? पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले. आठवड्याने मालकांचा मला फोन आला. शेतकरी माणूस, घरच्या जागेत कर्ज काढून खोल्या बांधलेल्या. ‘‘अहो रायटरसाहेब, आधीची पोरं चार महिन्यांचं लाइटबिल ठेवून रातोरात गेली. मी कुठं शोधू त्यांना?’’ त्यांचे दुःख खोटे नव्हते. फक्त ते माझ्या भाच्याच्या खात्यावर मांडता येत नव्हते.

मी जाऊन बसलो. रंग भाचा राहायला येण्याच्या वर्षभर आधी दिलेला होता, म्हणजे साडेतीन वर्षांचा. पाच वर्षांनी तो द्यावाच लागला असता, हे त्यांनीच सांगितले. शेल्फसाठी भिंतीला पाडलेली भोके बुजवायला पाचशे धरले. साफसफाईच्या दीड हजारावर ते हटले नाहीत. मला गच्चीवर घेऊन गेले, तिथे पोरांनी टाकलेल्या बाटल्या आणि फाटकी गादी दाखवली. मी त्या दीड हजाराचा विषय तिथेच सोडला. साडेआठ हजार त्यांनी दोन हप्त्यांत परत केले.

उठता उठता मी व्याजाचे बोलून पाहिले. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क आकारताना सरकार परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरते आणि ते भाड्यात मिळवते. म्हणजे तीस हजारांवर वर्षाला तीन हजार मालकाला मिळाले असे सरकारच मानते. मालक म्हणाले, ‘‘बँक मला एवढं देत नाही, सरकार कुठून मानतं?’’ मग त्यांनी पुढच्या भाडेकरूचा करार नोंदवायला किती खर्च येतो ते विचारले. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी पाचशे रुपये आणि वर पाव टक्क्याचा मुद्रांक, असे मी सांगितले. वजावटीची यादी त्यात आधीच लिहिता येईल का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. ती यादी आम्ही त्यांच्याच ओसरीवर बसून केली, नळाच्या वॉशरपासून.