आणे पठार, पुणे आणि ग्रहांची छायाचित्रे

कल्याण–नगर रस्त्याने आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकून आणे घाट चढला, की जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाचे आणे पठार लागते. नाणेघाटाच्या बाजूला पाऊस कोसळत असतानाही पर्जन्यछायेतले हे पठार बरेचसे कोरडे राहते. याच टापूच्या पश्चिमेला, गेल्या काही दशकांत, खगोलशास्त्राची दोन मोठी ठाणी वसली. खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेची २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली. पहिलीला मानवनिर्मित रेडिओ लहरींपासून दूर असलेली जागा हवी होती, तर दुसरीला अंधारे आकाश. हौशी निरीक्षकाला ग्रहाचे छायाचित्र घेण्यासाठी मात्र या दोन्हींची फारशी गरज नसते, आणि म्हणूनच या कलेचा महाराष्ट्रातील इतिहास डोंगरमाथ्यांइतकाच शहरातल्या गच्च्यांशीही जोडलेला आहे.

ग्रह मुळातच तेजस्वी असल्याने रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड त्यांना झाकू शकत नाही. त्यांचा खरा शत्रू आहे तो हलणारी हवा. वेगवेगळ्या तापमानांचे हवेचे थर एकमेकांत मिसळत असताना प्रकाशकिरण क्षणोक्षणी वाकतात आणि वाहत्या पाण्यातून तळाचा खडा दिसावा तशी गुरूची किंवा मंगळाची चकती थरथरते. हवा किती स्थिर आहे, याला निरीक्षक ‘सीइंग’ म्हणतात. जुन्या छायाचित्रपट्टीला प्रकाश टिपण्यासाठी अनेकदा काही सेकंद लागत आणि तेवढ्या वेळातली सारी थरथर पट्टीवर एकावर एक बसून चित्र पुसट होई. उलट नेत्रिकेशी बसलेला सराईत निरीक्षक हवा निमिषभर थांबेल तेव्हा दिसलेला तपशील मनात धरून कागदावर उतरवी. त्यामुळे सुमारे शंभर वर्षे ग्रहांच्या बाबतीत हाताने काढलेले रेखाचित्र छायाचित्रापेक्षा सरस ठरत राहिले. त्यात धोकाही होता. १८७७ च्या प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि मंगळ यांच्यामध्ये आली असताना, इटलीच्या शियापारेल्ली यांनी मंगळावर सरळ रेषांचे जाळे रेखाटले. १९०९ मध्ये आंतोनियादी यांनी फ्रान्समधील म्यूदाँ येथील मोठ्या दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा त्या रेषांच्या जागी सुटेसुटे, अनियमित डाग आढळले.

पुण्यात या विषयाची पायाभरणी लवकर झाली होती. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेत १८८८ पासून २० इंची परावर्ती दुर्बीण, म्हणजे भिंगाऐवजी आरशाने प्रकाश एकवटणारी दुर्बीण, काम करू लागली. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याच्या दृष्टीने ही हानी मोठी होती. तरीही १९४४ मध्ये पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, आणि पुढे हौशी मंडळींनी काचेचे आरसे हाताने घासून घरच्या घरी दुर्बिणी बनवण्याची परंपरा रुजवली. पुढे संगणकाला जोडायचा स्वस्त कॅमेरा बाजारात आला, तेव्हा तो ज्या दुर्बिणींना जोडायचा, त्यांतल्या कितीतरी या परंपरेतून आलेल्या होत्या.

वेबकॅम हे मुळात संगणकावरील दृक्-संभाषणाचे साधन. १९९४ मध्ये आलेला ‘क्विककॅम’ त्यातला आरंभीचा. या साधनाचा उणेपणा मानला जाणारा गुण, म्हणजे त्याची इवलीशी प्रकाशसंवेदी चिप, ग्रहांसाठी वरदान ठरला. नाभीय अंतर दोन मीटर असलेल्या दुर्बिणीत गुरूची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान पडते. फिल्मवरच्या ३६ मिलिमीटर रुंदीच्या चित्रात ती ठिपक्यासारखी हरवते, पण जेमतेम चार मिलिमीटरच्या चिपवर, प्रतिमा मोठी करणारे बार्लो भिंग मध्ये घातले, की पुरेशी मोठी दिसते. हौशी लोक कॅमेऱ्याचे पुढचे भिंग काढून टाकत आणि त्या जागी ३५ मिलिमीटर फिल्मच्या रिळाची प्लास्टिकची डबी तळ कापून चिकटवत, कारण त्या डबीचा व्यास सव्वा इंची नेत्रिकेच्या नळीत जवळजवळ नेमका बसतो.

खरी क्रांती मात्र कॅमेऱ्यात नव्हती, ती निवडीत होती. हवा शांत असताना एखादी चौकट, म्हणजे चलच्चित्रातले एक स्थिरचित्र, स्पष्ट मिळण्याची शक्यता किती, याचे गणित अमेरिकेतील डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्येच मांडले होते. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या कोर बेरेव्हूट्स यांनी ‘रेजिस्टॅक्स’ ही आज्ञावली विनामूल्य खुली केली आणि ते गणित कोणाच्याही घरच्या संगणकावर उतरले. दोन मिनिटांच्या चित्रणातून हजारभर चौकटी हाती येतात. आज्ञावली त्यांची प्रतवारी लावते, अस्पष्ट चौकटी टाकून देते, उरलेल्या नेमक्या एकमेकींवर बसवते आणि त्यांची सरासरी काढते. नऊशे चौकटींच्या सरासरीत यादृच्छिक खरखर तीस पटींनी घटते, आणि मग सूक्ष्म तपशील उठावदार करता येतो. दोन मिनिटांची मर्यादाही ग्रहच घालतो, कारण दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरणाऱ्या गुरूवरचे पट्टे व डाग त्याहून जास्त वेळात सरकून पुसट होऊ लागतात. नेत्रिकेशी बसलेला निरीक्षक जे निमिष मनात धरत असे, तेच आता मोजमापाने वेचले जाऊ लागले. या पद्धतीचे मोल २००९ मध्ये जगाला दिसले, कारण गुरूवर काहीतरी आदळल्याची काळी खूण प्रथम ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाने हेरली. पुण्यातही २०२१ मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाने पन्नास हजारांहून अधिक चौकटी जुळवून चंद्राचे जे चित्र सिद्ध केले, ते याच रीतीचे फळ होते.

महाराष्ट्राच्या अक्षांशाने या छंदाला एक देणगी दिली आहे आणि एक अडचणही. उत्तर अक्षांश १९ अंशांच्या आसपास असलेल्या आणे पठारावरून ग्रह बरेच उंच चढतात. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ सुमारे ६० हजार वर्षांतला सर्वांत जवळ आला, तेव्हा तो येथून जवळपास ५५ अंश उंचीवर येत होता, तर लंडनहून जेमतेम २३ अंशांवर. ग्रह जितका उंच, तितका हवेचा पडदा पातळ. पण मंगळाच्या निकटच्या प्रतियुती जुलै ते सप्टेंबर या काळातच येतात, कारण तो सूर्याला सर्वांत जवळ असतो त्या बिंदूच्या दिशेला पृथ्वी ऑगस्टच्या अखेरीस पोहोचते, आणि हाच सह्याद्रीचा पावसाळा. अशा वेळी पर्जन्यछायेतल्या पठाराला घाटमाथ्यापेक्षा ढगांतली उघडीप मिळण्याची आशा अधिक. शिवाय दिवसभर तापलेली काँक्रीटची गच्ची रात्री उष्णता सोडत राहते व दुर्बिणीपुढची हवा ढवळते, तो त्रास मातीच्या मोकळ्या माळावर पुष्कळ कमी होतो. तेव्हा शहराबाहेर जाण्याचे खरे कारण अंधारापेक्षा जमीन हेच मानणे योग्य. फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीत मंगळ येथून डोक्यावर, निरभ्र हिवाळी आकाशात असेल, पण त्याची चकती १४ विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) किंचित लहानच राहील. ती २४ विकलांच्या पुढे जाईल ती सप्टेंबर २०३५ मध्ये, मोसमी पाऊस माघारीच्या वाटेवर असण्याच्या दिवसांत.