दुकानांतील दुसरी वही

माझे वडील औरंगाबादेंत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, गुलमंडीनजीक एका कापडाच्या दुकानीं मुनीम होते. मालकांच्या गादीशेजारीं दोन वह्या असत. एक उधारी-वसुलीची, तिच्यांत एका पैचा फरक आला तरी मालकांना झोंप येत नसे. दुसरी नोकरांच्या हजेरीची व कामाच्या तासांची. श्रोतेहो, ह्या दुसऱ्या वहीचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

नोकर ठेवणारानें कायदा जाणून असावें, हें म्हणणें सोपें. पण कायदा कोणाचा? मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडला नसेल. आमच्या शहरास तो एकाच पिढींत तीनदां पडला. मुंबई सरकारनें दुकानांतील नोकरांसाठीं पहिला कायदा १९३९ सालीं केला. त्या वेळीं आमचें शहर निजामाच्या राज्यांत होतें. दरबारची भाषा उर्दू, वर्ष फसली, नाणें हाली, सुट्टी शुक्रवारची; मुंबईच्या कायद्याशीं आमच्या बाजाराचा संबंधच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली, आणि १९५१ सालीं हैदराबाद राज्यानें दुकानांविषयीं आपला स्वतंत्र कायदा केला. तो व्यापाऱ्यांच्या अंगवळणीं पडतो न पडतो तोंच १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला.

येथें एक मोठी गंमत झाली. राज्य बदललें म्हणजे कायदाहि बदलला, अशी वडिलांची व मालकांची समजूत. परंतु राज्यपुनर्रचनेच्या कायद्यांत ११९ वें कलम होतें. ज्या मुलखांत जो कायदा चालू असेल तो, अधिकार असलेलें विधिमंडळ दुसरी तजवीज करीपर्यंत, तेथें तसाच चालू राहील, असें त्यानें ठरविलें होतें. म्हणजे मंत्री मुंबईचे, कायदा हैदराबादचा, आणि तो करणारें हैदराबाद राज्य तर नकाशावरून नाहींसें झालेलें! पुढें १९६० सालीं महाराष्ट्र झाला. मुंबईचा १९४८ चा दुकानकायदा इकडेहि लागू झाला, आणि वडिलांनीं वहीचे रकाने पुन्हा नव्यानें आंखले.

त्या कायद्यान्वयें दुकानांतील नोकराकडून दिवसास नऊ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम घेतां येत नसे. सलग पांच तास काम झालें कीं तासभर विश्रांति द्यावी लागे, आणि आठवड्यांतून एक दिवस दुकान बंद ठेवावें लागे. हें सारें मालकांना कोण समजावून सांगे? माझे वडील. ज्याच्या संरक्षणासाठीं कायदा, त्याच्याच तोंडून तो मालकांना कळे. आणि निरीक्षक येण्यापूर्वीं कोणता रकाना भरावयाचा, हेंहि वडिलांनींच पाहावयाचें. दुपारीं डबा घेऊन मी दुकानीं जात असें. कापडाच्या गठ्ठ्यांआड, गिऱ्हाइकाकडे एक डोळा ठेवून, ते दहा मिनिटांत भाकरी संपवीत. वहींत मात्र ‘विश्रांति १ ते २’ असें त्यांच्याच सुबक अक्षरांत लिहिलेलें असे. मालक दुष्ट नव्हते. आजारपणांत त्यांनीं आम्हांस पैसे दिले, परत मागितले नाहींत. परंतु तो एक तास त्यांनीं कधीं दिला नाहीं, आणि वडिलांनीं मागितला नाहीं.

१९७५ सालीं व्यवसायकर आला. तो नोकराच्या पगारांतून कापून सरकारजमा करण्याचें काम मालकावर पडलें, म्हणजे आणखी एक वही वाढली. चिकलठाण्याच्या व वाळूजच्या कारखान्यांत अशा कामास निराळे अधिकारी असतात. दुकानांत मुनीम असतो.

मग २०१७ चा नवा कायदा आला. दहांहून कमी कामगार असलेल्या दुकानास नोंदणीचें बंधन उरलें नाहीं, नुसती सूचना दिली कीं पुरे. तास, विश्रांति, साप्ताहिक सुट्टी हे त्यांतील नियम दहा वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांनाच लागले. मोठीं दुकानें सातहि दिवस उघडीं ठेवण्याची मुभा मिळाली. सुट्टी प्रत्येक कामगारास आळीपाळीनें द्यावयाची. पूर्वी बंद फळ्या रस्त्यानें जाणाऱ्या कोणासहि दिसत. आतां सुट्टी दिली कीं नाहीं, हें केवळ वहीवरून कळावयाचें, आणि वही कशी लिहिली जाते हें मीं पाहिलें आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें दहाची ही मर्यादा वीसवर नेण्यास व दिवसाचे नऊ तास दहा करण्यास राज्य मंत्रिमंडळानें मान्यता दिली. लहान दुकानदाराची कटकट वांचली, हें खरें. मीहि त्याच्या जागीं असतों तर सुटकेचा श्वास टाकला असता. वेतनाचे कायदे निराळे, त्यांत मी शिरत नाहीं.

मात्र २०२२ च्या दुरुस्तीनें लहान दुकानावरहि एक बंधन आलें: पाटी मराठींत, देवनागरी अक्षरांत हवी, आणि तीं अक्षरें दुसऱ्या लिपीहून लहान नकोत. मराठीचा शिक्षक म्हणून मला त्याचा आनंद झाला. परंतु पाटीवरच्या अक्षरांची उंची कायदा पाहतो, आणि पाटीखालीं उभ्या असलेल्या माणसाचे तास मोजीत नाहीं, हें माझ्यानें गिळवत नाहीं.

वडिलांची एक जुनी वही माझ्यापाशीं आहे. तींत सात नांवें आहेत. सातवें त्यांचें स्वतःचें.