घाटात ब्रेक निकामी झाल्यास...

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणारा बोर घाट असो वा पुण्यातील कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. 'ब्रेक निकामी झाल्याने अपघात' हे शब्द या दोन्ही ठिकाणच्या बातम्यांत वारंवार येतात. मात्र, उतारावर ब्रेक बहुधा पूर्वसूचनेशिवाय निकामी होत नाहीत. सतत दाबून ठेवल्याने ते तापतात, जळका वास येतो, पॅडची पकड घटते. उष्णता वाढत गेल्यास ब्रेक ऑइल उकळून नळ्यांत वाफ साठते आणि पेडल थेट तळाशी जाते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा निकष आहे. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. त्यामुळे ऑइल मुदतीत बदलणे महत्त्वाचे ठरते.

पेडल तळाशी गेल्यास काय करावे?

* एक्सलरेटरवरून पाय काढून ब्रेकचे पेडल झपाट्याने वारंवार दाबावे. काही प्रमाणात दाब परत येऊ शकतो.

* गिअर एकेक करून खाली आणावा. ऑटोमॅटिक गाडीत 'एल' किंवा मॅन्युअल पर्याय वापरावा. न्यूट्रल कटाक्षाने टाळावा.

* हँडब्रेक बटण दाबून ठेवत हळूहळू ओढावा. झटका दिल्यास मागची चाके जखडून गाडी गरकन फिरू शकते.

* गाडी थांबेपर्यंत इंजिन बंद करू नये. स्टिअरिंग जड होते. किल्ली काढल्यास ते लॉकही होऊ शकते.

* हॉर्न व चारही इंडिकेटर चालू ठेवून चढाची वा मोकळी जागा शोधावी. अन्य उपाय नसल्यास गाडीची बाजू कठड्याला तिरकी घासत वेग कमी करावा.

थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागू लागतात. पण तपासणीशिवाय पुढे जाणे धोक्याचे असते.

इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेकांना असते. प्रत्यक्षात आधुनिक फ्युएल इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना एक्सलरेटर सोडला, की इंधनपुरवठा जवळपास थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाचा अटकाव संपतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा दंडक म्हणूनच आजही पाळण्याजोगा आहे.