चाच्यांचं कूळ

पीटर बेंचली म्हटलं की 'जॉज' आठवतो आणि गाडी तिथेच थांबते. याच बेंचलीने १९७९ साली 'द आयलंड' नावाची कादंबरी लिहिली. सिनेमाची पटकथाही त्याचीच, निर्माते 'जॉज'वालेच झानुक आणि ब्राऊन, नायक मायकल केन, संगीत एन्नियो मॉरिकोनेचं.. आणि १९८० च्या जूनमध्ये आलेला हा सिनेमा सपशेल आपटला. पहिल्यावहिल्या रॅझी पुरस्कारांत केनला सर्वात वाईट अभिनेत्याचं आणि दिग्दर्शक मायकल रिचीला सर्वात वाईट दिग्दर्शकाचं नामांकन मिळालं. पुढे कोणी फारसं नावही काढलं नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. कॅरिबियन समुद्रात बोटी गायब होताहेत. न्यूयॉर्कचा एक पत्रकार त्याचा शोध घ्यायला निघतो, घटस्फोटित आहे म्हणून शाळकरी मुलाला बरोबर घेतो. दोघं सापडतात एका टोळीच्या हाती. ही टोळी म्हणजे सतराव्या शतकातल्या चाच्यांचे वंशज, तीनशे वर्षं एका बेटावर जगापासून लपून राहिलेले! आपसातच लग्नं करून वंश खंगलाय, म्हणून बापाला जिवंत ठेवतात ते बीजासाठी. आणि मुलाला टोळीचा म्होरक्या आपला वारस ठरवतो.

कल्पना हास्यास्पद आहे, मान्य. पण मारामारी अजिबात मजेची नाही. सुरुवातीलाच मासे धरायला निघालेली माणसं कुऱ्हाडीने मारली जातात, आणि शेवटी बाप तटरक्षक दलाच्या बोटीवरची मशीनगन हाती घेतो तेव्हा विजय वगैरे काही वाटत नाही, पोटात ढवळतं. तलवारी, पोपट, खजिना यांच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकाने काय करावं? माझ्या मते सिनेमाचं खरं बळ याच रुक्षपणात आहे.

म्होरक्याचं नाव आहे नाउ (डेव्हिड वॉर्नरने तो फार थंडपणे उभा केलाय). हे नाव बेंचलीने हवेतून आणलेलं नाही. फ्रान्स्वा लोलोने या कुप्रसिद्ध फ्रेंच चाच्याचं मूळ नाव झाँ-दाविद नाउ. माराकायबो शहर लुटणारा, कैद्याचं काळीज काढून चावलं अशी ज्याची कथा सांगतात तो. ती कथा लिहिली एक्सक्वेमेलिनने, १६७८ साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या पुस्तकात. तो स्वतः या टोळ्यांबरोबर शल्यवैद्य म्हणून हिंडलेला होता. टोळ्यांचे करारही त्याने नोंदवलेत : उजवा हात गेला तर ६०० नाणी किंवा सहा गुलाम, डोळा गेला तर १०० नाणी किंवा एक गुलाम. गुलाम हे तिथे चलन होतं, हे विसरू नये.

आता गंमत बघा. लोलोने चाच्याच्या पोटी जन्मला नव्हता. तो कॅरिबियनमध्ये आला काही वर्षांच्या कराराने बांधलेला नोकर म्हणून. एक्सक्वेमेलिनही तसाच आला. 'बकनिअर' हा शब्दच मुळी 'बुकान'वरून आलाय, म्हणजे मांस धुरावर भाजायची लाकडी जाळी. रानटी गुरं मारून मांस विकणारे शिकारी, पळालेले नोकर, जहाज सोडून आलेले खलाशी यांची ही जमात. तिथे रक्ताचं नातं लागत नव्हतं, भरती चालायची. ('पायरेट' कोणी कोणाला म्हणायचं हाही एक प्रश्नच, इंग्रजांनी आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही तेच म्हटलं. असो.)

म्हणजे सिनेमाचा मूळ मुद्दाच इतिहासाला धरून नाही. आणि सिनेमाला ते आतून ठाऊक असावं, कारण तो पोरगा! सुरुवातीला बापाबरोबर बंदुकीच्या दुकानात डोळे विस्फारून बघणारा हा मुलगा थोड्याच दिवसांत बापाला परका होतो. त्याच्या अंगात चाच्यांच्या रक्ताचा थेंब नाही. तीनशे वर्षांची वंशावळ दाखवणाऱ्या सिनेमात सगळ्यात अस्सल चाचा निघतो तो न्यूयॉर्कचा मुलगा.

हा सिनेमा थिएटरात होता त्याच काळात थायलंडच्या आखातात खरे चाचे होते. व्हिएतनाममधून पळालेल्या निर्वासितांच्या बोटी ते गाठत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने १९८१ ची नोंद ठेवली आहे. थायलंडला ४५२ बोटी पोचल्या, माणसं १५,४७९. त्यातल्या ३४९ बोटींवर हल्ले झाले, प्रत्येकीवर सरासरी तीनदा. ५७८ बायकांवर बलात्कार, २२८ पळवून नेलेल्या, ८८१ माणसं मृत किंवा बेपत्ता. हल्लेखोरांत कित्येक साधे कोळी होते. जाळी टाकता टाकता समोर येई ती माणसांनी खच्चून भरलेली, इंजिन बंद पडलेली बोट. माणसांच्या अंगावर साठवलेलं सोनं आणि बघायला कोणी नाही. चाचे शोधायला बर्म्युडापर्यंत जायची गरज नव्हती.

२०११ च्या मार्चमध्ये भारतीय नौदलाने अरबी समुद्रात 'वेगा ५' या अपहृत बोटीवरून ६१ सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले. 'वेगा ५' ही मोझांबिकची मासेमारी बोट. पकडलेल्यांत अगदी कोवळी पोरंही असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.