पेशींची उसवलेली वीण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख देण्याची आज्ञा झाली, तेव्हा इतिहासाचा एक सामान्य पदवीधर म्हणून गडकोटांविषयी लिहावे असेच प्रथम मनात आले. परंतु भनपुरीत राहणाऱ्यास एक निराळाच विषय रोज डोळ्यांसमोर दिसतो. येथे पानठेल्यांवर गुडाखूच्या डब्या मिळतात. तंबाखू आणि गूळ यांचे ते काळे मिश्रण बोटावर घेऊन माणसे दात घासतात. गावाकडून मशेरीची सवय घेऊन आलेल्या आपल्या घरांनाही ते परके वाटले नाही. माझ्या थोरल्या काकू त्यांपैकीच एक. गालाच्या आतील पांढरा चट्टा त्यांनी दीड वर्ष कोणासही दाखविला नाही. पुढे जे व्हायचे तेच झाले. त्या चट्ट्याचे मर्म शोधण्याचा इतिहास आपल्या लोकांशी किती निगडित आहे, हे मला फार उशिरा कळले.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. १९४४ साली त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केला. योगायोग असा की, त्याच वर्षी त्याच नियतकालिकात डेल कोमन यांचाही एक निबंध आला. मुखकर्करोग बहुधा ज्या शल्की पेशींपासून उद्भवतो, त्याच प्रकारच्या कर्करोगाच्या पेशी कोमन यांनी सूक्ष्म सुयांनी एकमेकींपासून ओढून पाहिल्या. निरोगी पेशींपेक्षा त्या फारच सहज सुटल्या. पेशींची परस्परांस चिकटून राहण्याची वृत्ती कर्करोगात क्षीण होते, हे त्यातून दिसले. ही वीण ज्या प्रथिनांनी बांधलेली असते, त्यांपैकी कॅडहेरिन या गटाची ओळख १९८०च्या दशकात जपानच्या ताकेइची यांच्या संशोधनातून पटली.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. झालेल्या डॉ. कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या. जन्म १९१७, माहेरच्या समर्थ, शिक्षण हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालयात. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र शिकून त्या स्वदेशी परतल्या. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी या तंत्राची प्रयोगशाळा उभारली. ती देशातील पहिली मानली जाते. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

या तंत्रात काचेला व एकमेकींना चिकटलेल्या पेशी सुट्या करण्यासाठी ट्रिप्सिन वापरतात. प्रथिने तोडणारे हे एंझाइम, म्हणजेच एक ‘प्रोटिएज’, आपल्या पोटातही अन्न पचविते. पेशी सोडविण्यासाठी त्याचा उपयोग राउस आणि जोन्स यांनी १९१६ मध्येच दाखविला होता. संशोधक जे काम काचपात्रात हेतुपुरस्सर करतो, तसलेच काम कर्करोग शरीरात चोरपावलांनी करतो. १९६२ मध्ये ग्रॉस आणि लापिएर यांना बेडकाच्या पिल्लाच्या झडत्या शेपटीत कोलॅजन तोडणारे एंझाइम सापडले. १९८० साली लिओटा व सहकाऱ्यांनी दाखविले की, उंदरांतील ज्या अर्बुदपेशी दूरवर पसरतात, त्या त्वचेखालील व रक्तवाहिन्यांभोवतीच्या आधारपटलातील कोलॅजन अधिक प्रमाणात तोडतात. आधी शेजाऱ्याचा हात सोडायचा, मग कुंपण तोडायचे, आणि शेवटी परमुलखात ठाणे मांडायचे, असा हा क्रम.

मग ही एंझाइमे रोखली की रोग आटोक्यात येईल, अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तशी औषधे रुग्णांना देऊन पाहिली गेली. तथापि यश आले नाही. जखम भरणे, हाडांची घडण अशा निरोगी कार्यांतही हीच एंझाइमे राबतात आणि त्यांतील काही तर रोगास आवरच घालतात, हे तेव्हा उमगले. पुष्कळांना औषधे फार उशिरा, रोग पसरल्यावर मिळाली होती.

या इतिहासाचे तात्पर्य विद्वानांपुरतेच नाही. आधारपटल शाबूत असते तोवर रोग एका जागी असतो आणि वैद्याचा हात तेथे पोहोचू शकतो. ते फुटल्यावर वाट बिकट होते. काकूंनी लाजेपायी जे दीड वर्ष दवडले, त्याच काळात बहुधा ते कुंपण मोडले असावे. परमुलखात पन्नास वर्षे आपण एकमेकांचे हात धरून राहिलो, म्हणून हे मंडळ टिकले. तोच हात धरून घरातील वडीलधाऱ्यांना एकदा आरशासमोर न्यावे, तोंड उघडून पाहावे, आणि दोन आठवड्यांत न बरा होणारा चट्टा वा व्रण दिसला तर विनासंकोच डॉक्टरांकडे जावे, एवढीच नम्र विनंती.