गरिबीचे रंग : लंडन ते मालवण

सरासरी काढली की माणसामाणसांतला फरक नाहीसा होतो. समजा, दहा कुटुंबांपैकी नऊ कुटुंबांची महिन्याची मिळकत प्रत्येकी ५,००० रुपये आणि एकाची १,०५,००० रुपये आहे. सरासरी येते १५,००० रुपये. पण एवढी मिळकत असलेले कुटुंब त्या दहांत एकही नाही! पर्यटन वाढत असलेल्या किनाऱ्यावर ही अडचण फार जाणवते. मग हा फरक दाखवायचा कसा? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याला इतिहासात सापडते.

चार्ल्स बूथ हा जहाजांच्या धंद्यातला इंग्रज व्यापारी. १८८६ मध्ये त्याने लंडनमधील गरिबीची पाहणी हाती घेतली. ती १९०३ पर्यंत चालली. घरोघरची माहिती मिळवायची कोठून? बूथने शाळा मंडळाच्या निरीक्षकांना गाठले. शाळेत जाण्याच्या वयाची मुले कोणत्या घरी आहेत हे नोंदवत ते फिरत. त्यामुळे घराघरांतली परिस्थिती त्यांना ठाऊक असे. त्यावरून बूथने रस्त्यांना रंग दिले. काळा सर्वांत खालचा. मग गडद निळा, फिका निळा, जांभळा, गुलाबी, लाल आणि श्रीमंतांसाठी पिवळा. लंडनमधील ३०.७ टक्के लोक गरिबीत राहतात, असा निष्कर्ष निघाला. हमरस्ता लाल आणि त्याच्याच मागची गल्ली निळी, हे नकाशात सहज दिसू लागले.

या नकाशात एक दोषही होता. काळ्या रंगातल्या लोकांना बूथने गुन्हेगारीकडे झुकलेले ठरवले. मिळकत मोजता मोजता तो स्वभावाचा निवाडाही करून बसला.

आता कोकणात येऊ. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. मालवण-तारकर्लीला पर्यटक वाढले. येथे बूथची रीत वापरायची तर आम्हाला तिच्यात दोन गोष्टींची भर घालावी लागेल.

पहिली गोष्ट ऋतूंची. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि पावसामुळे पर्यटकही रोडावतात. मासळी आणि पर्यटन या दोन्ही मिळकती एकाच वेळी आटतात. म्हणजे मे महिन्याचा नकाशा आणि जुलैचा नकाशा वेगवेगळा काढायला हवा.

दुसरी गोष्ट जागेची. घर स्वतःच्या नावावर असेल तर दोन खोल्या वाढवून निवास-न्याहारीची सोय करता येते. दुसऱ्याच्या जमिनीवर घर असेल तर ते अवघड. शेजारच्या गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांना घरातून काढले जाऊ नये म्हणून १९७५ मध्ये कायदाच करावा लागला. रापणकरांचे तर साधनच किनारा आहे. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकून दोन्ही टोके वाळूवरून ओढायची, तर वाळू मोकळी हवी.

हे काम शाळेतही करता येईल. गावाच्या एकाच नकाशावर तीन पारदर्शक कागद ठेवावेत : एकावर महिन्यांनुसार कामे, दुसऱ्यावर जमिनीची मालकी, तिसऱ्यावर किनाऱ्याचा वापर. रंग वस्तीला द्यावा, घराला नको. वर्गातल्या कोणाही मुलाचे घर त्यावरून ओळखता येऊ नये. आणि रंग मिळकतीचा असावा, माणसाच्या लायकीचा नव्हे.

पर्यटकांच्या नकाशात किनारा म्हणजे मोकळ्या वाळूची पट्टी असते. त्या पट्टीवर रापणीची जागा दाखवलेली नसेल, तर उद्या तेथे खुर्च्या मांडताना रापणकरांना विचारायचे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.